कुलूपबंद वर्गातला फळा

महामारीत कॉलेज बंद होऊन महिने लोटले होते. गणिताच्या बाई घरूनच शिकवत, पण पडद्यावरच्या काळ्या चौकोनांतून कोणी हूं की चूं करत नसे. निकाल घसरतच चालला होता. "पालथ्या घड्यावर पाणी," असं पुटपुटत बाईंनी आजचं गणित तसंच सोडून लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात कॉलेजच्या शिपाईमामांचा फोन आला. "बाई, तुमच्या वर्गाला कुलूप आहे, तरी फळा भरलाय. खिडकीतून फोटो काढून पाठवलाय, बघा."

फोटोत आजचंच गणित होतं, बाईंच्याच अक्षरात. खाली ते सोडवत आणलं होतं; प्रत्येक ओळ वेगळ्या हाताची, आणि चूक एकही नाही.

"बाई," मामांचा आवाज दबला, "आत खडू अजून वाजतोय."

बाईंनी शेवटची ओळ पुन्हा वाचली.

"वाजू द्या, मामा. एकच पायरी राहिलीय."