मोडीच्या वर्गातली शिट्टी

"अहो, निदान खोकून तरी दाखवा कुणीतरी!" पडद्यावरच्या काळ्या चौकटींना मी हात जोडले. माझा मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग तपासायला संस्थेच्या बाई आज त्यांच्या घरून हजर होत्या. विद्यार्थिनी बोलल्या नाहीत, तर वर्ग आजच बंद होणार होता.

तेवढ्यात कुणाच्या तरी माइकमधून कुकरची शिट्टी आली. खोटं सांगत नाही, गावोगावच्या सगळ्या बायका एकदम उठून आपापला गॅस बंद करायला धावल्या. एक तर, नंतर कळलं, बँकेच्या रांगेत उभी होती. तीही धावली, आणि तिच्यामागे कॅशियरही.

मग चौकटींत भराभर चेहरे उजळले. "अगं बाई, माझा नव्हताच!" "कुमुदिनीताई, तिसरी होती की चौथी?" "मरू दे ती शिट्टी, हात न उचलता 'ळ' कसा काढलात ते दाखवा आधी!" कागद कॅमेऱ्यासमोर आले, चुका निघाल्या, हसू फुटलं. मी आनंदाने ओरडलो, "बघताय ना, बाई?"

बाईंची खुर्ची रिकामी होती. कुकर त्यांचाच होता.

पदराला हात पुसत त्या परतल्या, तशा सगळ्या जणी माइक, कॅमेरे बंद करून शहाण्यासारख्या गप्प बसल्या.

"सर, कुणीच बोलत नाही हो," बाई म्हणाल्या.

"आत्ता बोलत होत्या! सांगा ना गं कुणीतरी!"

एका चौकटीत अंगठ्याचा इमोजी वर आला. बाई चष्मा चढवेपर्यंत तो आपोआप मावळला.