पुढून हाक

पुलाच्या बरोबर मध्यावर भोरी थांबली आणि तिच्यामागे साठ मेंढरं थांबली.

तिथं पुलाचे दोन तुकडे जोडलेले होते. मध्ये लोखंडी पट्टी, पट्टीत फट, आणि फटीतून खालचं पाणी दिसत होतं. बोटही धड आत गेलं नसतं, पण हे मेंढराला कोण सांगणार? भोरीनं मान खाली घालून वास घेतला, दोन पावलं मागे सरली आणि चारी पाय रोवून उभी राहिली.

मुंजाजीनं मागून काठी आपटली. मागची मेंढरं पुढच्यांच्या अंगावर चढली, पुढची तसूभर हलली नाहीत. मग त्यानं पुढे येऊन भोरीला कान धरून पट्टीपलीकडे ओढत नेलं. बाकीच्यांना आणायला तो वळला, तशी ती एका उडीत परत आपल्या बायांत. असं तीनदा झालं. समोर उसानं भरलेले ट्रॅक्टर खोळंबले होते, मागे रिकामे, आणि सगळे मिळून भोंगे वाजवत होते.

खाली जुना उतार दिसत होता. आजवर मेंढरं तिथूनच पाण्यातून पलीकडे गेली. आता वरच्या कुठल्याशा कारखान्याचं काळं पाणी नदीला येत होतं, वर फेसाचे गोळे तरंगत होते. गेल्या महिन्यात तिथं तोंड लावलेली दोन मेंढरं दिवस मावळायच्या आत पोट फुगून गेली. म्हणून आज पहिल्यांदाच पूल. कळप सकाळपासून तहानलेला, आणि पाणी होतं ते पलीकडच्या मळ्यातल्या हौदात. कोकरं धापा टाकत होती.

खरं सांगायचं तर मेंढरांचं काहीच चुकत नव्हतं. मागे मुंजाजी आणि पुढे त्याची बायको सत्यभामा, ही या कळपाची रीत. तो हाकायचा, ती बोलवायची. पण सत्यभामा पाय मोडून उमापुरात घरी पडून होती. तिनं सकाळी चार गोष्टी समजावून सांगायला घेतल्या, तर या शहाण्यानं निघता निघता ऐकवलं होतं, "तुज्यावाचून काय अडत न्हाई." माणसानं इतकं ठासून बोलू नये.

समोरच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सुग्रीव खाली उतरून आला.

"कावून थांबलाव, मामा? कारखान्यात वजनकाट्यावरचा नंबर जाईल माजा."

"पुढून बोलवायला कुणी न्हाई."

"एवढंच ना? मी बोलवतो की." सुग्रीवनं हात पुढे करून "या, या" केलं. भोरीनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो ओशाळला.

मुंजाजीनं खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. एका कोकरानं गुडघे टेकले, तेव्हा पुन्हा काढला आणि लावला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा.

"बोला," सत्यभामा म्हणाली. जवळपासच्या सगळ्यांनी ऐकलं.

"पुलावर हाय मी."

"बरं."

"भोरी पाय टाकंना."

"मग मी काय करू? माज्यावाचून काय अडत न्हाई ना तुमचं?"

सुग्रीवनं हसू लपवायला तोंड फिरवलं. मुंजाजी खाली बसलेल्या कोकराकडे बघत राहिला.

"अडलंय," तो म्हणाला. "लई अडलंय. सकाळधरनं अडलंय."

मग ती बोलली तेव्हा आवाज मऊ झाला होता.

"फोन पुढं कुणाच्या तरी हातात द्या. तुमी मागंच ऱ्हावा, तुमच्या जागंवर."

सुग्रीवनं फोन घेतला. "भोंगे बंद करा बे!" तो ओरडला आणि पट्टीपलीकडे जाऊन फोन गुडघ्याएवढा खाली धरून उभा राहिला.

"ट्रीर्र… या गं बाया, या… भोरे, ये माजी बाय, ये…"

भोरीचे कान उभे राहिले. तिनं फटीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, आणि उडी मारली ती थेट सुग्रीवच्या पायाशी. तिच्यामागून पांढरी, काळी, लंगडी, सगळी गेली. भोरीनं जिथं उडी मारली तिथंच, तेवढीच उंच उडी प्रत्येकीनं मारली. सुग्रीव आपल्याच ट्रॅक्टरला वळसा घालून उलटा चालत राहिला, आणि त्याच्या हातातून सत्यभामा पूल संपेपर्यंत बोलावत राहिली. दमलेलं कोकरू काखेत घेऊन मुंजाजी सगळ्यांत शेवटी आला. ड्रायव्हर भोंगे विसरून बघत होते.

हौदावर मेंढरं पाण्याला भिडली. सुग्रीव फोन देऊन ट्रॅक्टरकडे पळाला.

"समदी आली का?" सत्यभामेनं विचारलं.

"आली."

"अन् तुमी?"

"मी बी आलो."

"भाकर खाऊन घ्या मग. ठिवते."

मुंजाजीनं फोन सदऱ्याच्या खिशात टाकला आणि हौदाच्या कडेला बसला. थोड्या वेळानं भाकरीची गाठ सोडली, पण फोन पुन्हा एकदा काढून बघितला आणि खिशात ठेवला.

भोरी पोटभर पिऊन त्याच्याकडे आली. हनुवटीवरून पाणी गळत होतं. तिनं तोंड त्याच्या खिशात खुपसलं, वास घेतला आणि इकडून तिकडून हुंगत राहिली.

"न्हाई गं तितं ती," मुंजाजी म्हणाला. "मी बी बघितलं."