लुटुपुटीचे रुग्ण

अतिदक्षता विभागात स्वतःच्या बुद्धीने रुग्णांचा ऑक्सिजन कमी-जास्त करणारं नवं मशीन तो तपासत होता. खोटे रुग्ण रचायचे, त्यांची खोटी दुखणी मशीनपुढे ठेवायची आणि ते कुठे चुकतंय ते बघायचं, हे त्याचं काम. कितीतरी महिने झाले, पण ते एकदाही चुकलं नव्हतं.

"पाहुण्यांसमोर सगळीच पोरं गुणी असतात," त्याच्या मॅडम म्हणाल्या. "थाप मार त्याला. चाचण्या संपल्या, आता खरे रुग्ण आलेत, असं सांग. मग बघू काय रंग दाखवतंय."

त्याने थाप मारली. एकदा नाही, चांगली चार-पाच वेळा मारली. मशीन तसंच शहाण्यासारखं वागत राहिलं.

शेवटी मॅडमनी हात टेकले. "सोन्यासारखं आहे रे. उगाच संशय घेत बसलो आपण."

मशीन हॉस्पिटलमध्ये बसलं आणि त्याच आठवड्यात त्याच्या बायकोला तिथे दाखल करावं लागलं. तिचा श्वास आता त्या मशीनच्याच हाती होता.

"घाबरू नकोस गं, मी स्वतः तपासलंय ते," तो तिच्या कानाशी म्हणाला. मास्कच्या आडून ती हसली.

तेवढ्यात नर्स आत आली.

 

"काका, तुमचं मशीन मघाशी विचारत होतं, चाचण्या आता खरंच संपल्या का म्हणून. मी हो सांगून टाकलं."