चौथं कडवं

"खातं कायमचं बंद करायचं?" मोबाईलनं विचारलं. दाक्षायणीनं 'हो' दाबलं आणि वर मोठ्यानं म्हणालीसुद्धा, "व्हयच की!"

तिच्या नवऱ्यानं, शिवराजनं, पेपर खाली केला. "कुणाशी भांडतेस?"

"महादेवप्पाशी."

हा महादेवप्पा तिनं कधी पाहिलेला नव्हता. इंटरनेटवर 'गाण्याचं गाठोडं' नावाचा मंच होता, जुन्या अंगाया, ओव्या गोळा करणाऱ्यांचा. तिथला हा पाटीलच म्हणा ना. मंचावर दाक्षायणीचा भारी जीव. दुपारी शिलाई मशीन थांबलं की ती तिथं जाऊन बसायची, माहेरी गेल्यासारखी. आईची अंगाई तिनं तिथंच टाकली होती, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणून. मध्येच कुकरची शिट्टी झाली, तरी लोकांनी ती डोक्यावर घेतली. तेव्हापासून सगळे तिला 'शिट्टीवाली ताई' म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचं.

आणि परवा महादेवप्पानं लिहिलं, "ही अंगाई आमच्या भागात घरोघरी म्हणतात. कडवी तीनच आहेत. चौथं कुठून आणलंत? पुरावा द्या, नाहीतर स्वतः रचलं असं लिहा."

झालं! कालपर्यंत ताई-ताई करणारे सगळे त्याच्या बाजूला. एका शहाण्यानं तर कॉम्प्युटरकडून आणखी कडवी करवून घेतली आणि खाली चिकटवली.

चौथं कडवं होतं ते असं:

जो जो रे बाळा, निजली ज्वारी,
चांदणं उतरलं आपल्या दारी.
मूठभर घेईन, पदरात बांधीन,
उठशील तेव्हा न्याहारीला वाढीन.

"आई हे म्हणायची," दाक्षायणी म्हणाली.

"पण तू ऐकलंस कधी?" शिवराज हसला. "तिसऱ्या कडव्यालाच तू घोरायला लागायचीस, असं सासूबाईच सांगायच्या."

"झोपेत कान बंद होतात काय?"

ती चिडली, कारण ते खरं होतं. चौथं कडवं तिला नेहमी पाण्याखालून ऐकल्यासारखं आठवायचं. आईचा फोटो होता, इरकल लुगडं होतं, पण आवाज कुणी भरून ठेवला नव्हता. आवाज म्हणून उरलं होतं ते एवढंच. तेच खोटं निघालं तर?

"तिथं शंभर तोंडं," ती म्हणाली. "मला एकच पाहिजे, पण खरं."

ते तोंड वळसंगला होतं. काशम्मा, आईच्या माहेरच्या गल्लीतली, आईची जिवाची मैत्रीण. दुसऱ्या दिवशी दाक्षायणी एसटीत बसली.

वळसंगला भर दुपार होती. गल्लीत माणूस नव्हतं. कडब्याचा वास येत होता आणि कुठंतरी एक कवडा घुमत होता. दाक्षायणीला वाटलं, आपण चालतोय ती वाट आपल्याला माहीत आहे, झोपेत चाललेली.

काशम्मा पणतवाला झोका देत बसली होती. पाळण्याच्या दोरीला एक कापडी पुरचुंडी लटकत होती. दृष्ट लागू नये म्हणून वेखंड असणार, दाक्षायणीला वाटलं. अजून पाळतात ही माणसं.

"मावशी, मी दाक्षायणी. सोलापूरहून आले."

म्हातारीला आता धड दिसत नव्हतं. तिनं मान वाकडी करून कान दिला. "गौरव्वाची लेक व्हय? अगं बया! आवाज तर थेट तिचाच की. बस हितं."

दाक्षायणी भिंतीला टेकली. कडव्याबद्दल ती अक्षर बोलली नाही. साक्षीदाराच्या तोंडात आपण शब्द घालायचा नसतो, एवढं तिला कळत होतं. "मावशी, आई म्हणायची ती अंगाई येते तुम्हाला?"

"न येऊन कसं? रोज म्हणती की."

आणि काशम्मा म्हणू लागली. कापरा, जुना आवाज. दोरी करकरत होती, भिंतीवर झोक्याची सावली येत-जात होती. दुसऱ्या कडव्याला दाक्षायणीचे डोळे जड झाले. आईची मांडी, लुगड्याची ऊब, केसांतून फिरणारा हात. तिसऱ्याला तिनं स्वतःला चिमटा काढला. आज नाही झोपायचं, बाई!

तिसरं संपलं. काशम्मा किंचित थांबली.

मग म्हणाली, "जो जो रे बाळा, निजली ज्वारी..."

शब्द न् शब्द तोच. चांदणं, पदर, न्याहारी, सगळं. दाक्षायणीच्या डोळ्यांना धार लागली. महादेवप्पा, ऐक म्हणावं आता! आई, तुझं खरं होतं गं.

"रडाया काय झालं?" काशम्मा म्हणाली.

"हे शेवटचं, मावशी... फार गोड आहे."

"हाय की. मला बी तेच लई आवडतं."

पाळण्यातलं पोर कुरकुरलं. काशम्मानं कपाळाला हात लावला. "बघ! माझ्या आवाजाला ह्यो लबाड कुटं झोपतोय? माझं तर निम्मं इसरलं हुतं. ज्या बाईचं ऐकून पुन्हा बसवलं, तिचाच आवाज पाहिजे ह्याला."

दाक्षायणी भिंतीपासून पुढं सरकली. "तिचा आवाज आहे तुमच्याकडं?"

"तर! सुनंनं भरून दिलाय."

काशम्मानं चाचपत पुरचुंडी सोडली. आत वेखंड नव्हतं, मोबाईल होता. बटण दाबून तिनं तो पोराच्या दुपट्याखाली सरकवला. आवाज आला, बारीक, कापडातून गाळलेला.

आई!

आईच होती. तोच गळा, ओळीच्या शेवटी तसाच खाली येणारा. दाक्षायणी पाळण्यावर ओणवली, दोरी दोन्ही हातांनी धरून. कुणी भरला असेल हा आवाज, कधी? कुणी का भरेना! एक कडवं झालं. दुसरं झालं. पोर शांत झालं. या वेळी तिला झोप आली नाही, पापणीसुद्धा लवली नाही.

तिसरं संपलं. काशम्मा थांबली होती तिथंच गाणं किंचित थांबलं, आणि दुपट्याखाली कुकरची शिट्टी झाली.