सुपरवायझरचा सत्कार

कल्याणीचं लग्न झालं ते साल नव्व्याण्णव. मे महिना, गुलटेकडीचं कार्यालय, वर पंखे फिरत होते आणि खाली माणसं घामानं निथळत होती. त्रिसरण-पंचशील झालं, वधूवरांनी हार घातले, टाळ्या झाल्या. तरी नवरीचा बाप सुखदेव कुणाला जेवायला उठू देईना. त्याला अजून एक कार्यक्रम उरकायचा होता.

“आबा, सत्कार नको,” त्याचा मुलगा प्रज्ञेश कानाशी येऊन म्हणाला. सकाळपासून तो हेच म्हणत होता.

“गप बस. बहिणीच्या लग्नात रुसतोस होय?”

सुखदेवनं उभा जन्म मार्केट यार्डात हमाली केली. पोराला इंजिनिअर केलं. प्रज्ञेशच्या वर्गातली पोरं कॉम्प्युटर कंपन्यांत शिरली आणि थंड खोलीत बसू लागली. याला मात्र कॉलेजातच मुलाखत घेऊन एका कंपनीनं उचललं आणि थेट भर समुद्रातल्या तेलाच्या रिगवर सुपरवायझर केलं. मिसरूड धड फुटलं नव्हतं आणि बापाच्या वयाची माणसं त्याला साहेब म्हणू लागली. सुखदेवनं यार्डातल्या गाळ्यागाळ्यांवर पेढे वाटले. “पोरगा कॉलेजातून थेट साहेब झाला,” हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं, की व्यापारी त्याला लांबून बघूनच म्हणत, “कळलं, कळलं, साहेब झाला!”

मार्चमध्ये रिगवर अपघात झाला. त्यात प्रज्ञेशनं धाडस केलं म्हणून मोठ्या साहेबानं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती. ही गोष्ट प्रज्ञेशनं घरी सांगितलीच नाही. ती सुट्टीवर आलेल्या त्याच्या सोबत्याकडून कळली. तेव्हापासून सुखदेवची छाती सदऱ्यात मावत नव्हती. पोरगा जेवत नाही, चारचौघांत बसत नाही, हे त्याच्या आईनं, सुंदराबाईनं, दोनदा बोलून दाखवलं. “समुद्राची हवा बाधली असंल,” म्हणून त्यानं ते उडवून लावलं.

आता त्यानं माईक हातात घेतला.

“मंडळी, क्रेनला लोखंडी पायपांचा भारा लटकत होता. वारा सुटला, भारा झुलायला लागला. दशरथ नावाचा कामगार पाठमोरा त्याच्याखाली चालला होता. अन् हा माझा पोरगा जिवाची पर्वा न करता धावला. त्या माणसाला ओलांडून पार त्याच्या पुढ्यात गेला! तोवर भारा खाली आला. माणूस वाचला नाही, ते कुणाच्या हातात नव्हतं. पण धावला का नाही?”

टाळ्या पडल्या. सोयऱ्यांपैकी एक जण शाल उलगडून पुढे झाला.

नवरदेवाचे मामा मच्छिंद्र पहिल्या रांगेत बसले होते. पिंपरीच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या कामातली खोट त्यांना बसल्या जागी दिसायची, आणि दिसली की बोलल्याशिवाय राहवायचं नाही.

“सुपरवायझर साहेब, एक शंका,” ते म्हणाले. “तुम्ही पाठीमागेच होता ना? मग पुढ्यात कशाला गेलात? मागूनच हाक मारायची. का यंत्रांच्या आवाजात ऐकू गेली नसती?”

“गेली असती,” प्रज्ञेश म्हणाला.

“मग?”

प्रज्ञेशनं खाली बघितलं. “त्याच्या खांद्यावर साखळी होती. जड.”

“साखळी त्याच्या खांद्यावर होती, तुमच्या तोंडाला तर नव्हती?”

मंडप हसला. यार्डातली हमालांची टोळी मागच्या रांगेत बसली होती, ती हसली नाही. सुखदेवचा जोडीदार गेनबा तोंडातला विडा चघळायचा थांबला. त्यानं एकदा पोराकडं पाहिलं, एकदा सुखदेवकडं, आणि मान खाली घातली.

यार्डातला हा पहिला कायदा. पाठीवर ओझं असलेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. हाक ऐकली की मान वळते, मान वळली की पोतं कलतं, आणि पोत्याबरोबर माणूस जातो. गेनबाचा भाऊ असाच कायमचा अंथरुणाला खिळला. म्हणून काय सांगायचं ते धावत पुढं जाऊन, त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. व्यापारीसुद्धा हे पाळतात. प्रज्ञेश शाळेत जायच्या आधीची गोष्ट. आईबरोबर तो यार्डात आला होता. बाप गव्हाचं पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढत होता. पोरानं आनंदानं मागून आरोळी ठोकली, “आबा!” सुखदेवनं कसंबसं पोतं टाकलं, खाली उतरला आणि पोराच्या थोबाडीत दिली. त्यानंतर त्यानं पोराला कधी बोट लावलं नाही. लावावं लागलंच नाही.

सुखदेवच्या हातातला माईक कुरकुरला. शालवाला अजून तसाच उभा होता.

“राहू द्या सत्कार,” सुखदेव म्हणाला.

“का हो?” मच्छिंद्र म्हणाले. “चेष्टा केली राव, मनावर घेऊ नका. पोरगा धावला, हे काय थोडं आहे?”

“त्याला मीच शिकवलं,” सुखदेव म्हणाला. “त्यानं काहीच केलं नाही. हे समदं मी शिकवलंय.”

बापाचा अभिमान सगळ्यांना आवडला. मंडपात पुन्हा टाळ्या वाजल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या, आणि त्या टाळ्यांतच शाल सुखदेवच्या खांद्यावर पडली.

दशरथ नारायण ठाकूर, राहणार उरण, नव्व्याण्णवच्या मार्च महिन्यात सकाळच्या पाळीत वारला. त्याला कुणी हाक मारली नव्हती.