थोडेच चिंचोके

दिवाळीला पुण्याहून भूमला आलेला रणधीर आईला पोकर शिकवत होता. पैजेला चिप्सऐवजी चिंचोके होते, आणि मथुराबाईंपुढं मोजकेच उरले होते. तरी त्या एकेकच लावत राहिल्या. डाव संपल्यावर त्यांच्या हातात दोन एक्के दिसले, तसा रणधीर वैतागला.

"आई, थोडेच उरल्यावर चांगली पानं आली, तर जपत बसायचं नसतं. सगळं लावून मोकळं व्हायचं."

मथुराबाईंनी पत्ते खाली ठेवले.

"मग ऐक. गल्लीतले आण्णासाहेब माझ्यासारखेच एकटे हायत. त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी व्हय म्हणून आले."

"ह्या वयात? आता दिवस राहिलेत तरी किती, आई?"



"थोडेच. म्हणून तर सगळे लावायलेय."