आतून आरसा

"आतून आरसा हवा, पप्पा," संघमित्रा फोनवर सांगत होती. "न्यूट्रॉन थंड करत करत इतके मंद करायचे, की धावणारा माणूस त्यांना मागे टाकेल. मग ते नळीत कोंडून ठेवता येतात. भिंतीवर आपटतात नि परत फिरतात. पण ओरखडा असला, तर तिथंच हरवतात."

"होईल," राजाराम म्हणाला.

"सगळं या नळीवर आहे. ही नापास झाली तर नोकरी गेली माझी."

फोन ठेवल्यावरही ते वाक्य त्याच्या कानात राहिलं. ती फ्रान्सला गेली त्याला सहा वर्षं झाली होती. आईच्या, द्रौपदीच्या मातीलाही तिला पोचता आलं नव्हतं. घाटकोपरच्या घरात तो एकटा. हल्ली भाजीवालीशीही उगाच दोन मिनिटं जास्त बोलायचा.

साकीनाक्याच्या ज्या वर्कशॉपमध्ये त्याची चाळीस वर्षं गेली, तिथंच तो तीन आठवडे नळी घासत बसला. शेवटच्या दिवशी आत डोकावला, तर स्वतःचाच डोळा गोल फिरत दूरवर गेलेला दिसला. असं काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं.

मग त्याने सळईला काचकागद गुंडाळला, नळीच्या आत मधोमध नेला आणि एकदाच फिरवला.

नळीचं खोकं न्यायला संघमित्राने पाठवलेला लॅबचा माणूस, नितेश, आला. "जपून ने रे," राजाराम त्याच्या नजरेला नजर न देता म्हणाला.

महिन्याभरात संघमित्रा दारात उभी. सोबत दोन मोठ्या बॅगा. त्याने भाकऱ्या थापल्या, सुकट केली. ती बोटं चाटत जेवली.

"गेली का गं नोकरी?" त्याने शेवटी विचारलं.

"गेली कुठे? मिळतेय."

त्याने दाराजवळच्या बॅगांकडे पाहिलं.

"नळी फ्रान्सला गेलीच नाही, पप्पा. असलं यंत्र आता इथंच उभं राहतंय, आपल्या मुंबईत. नितेश तिथलाच. आधी सांगितलं असतं, तर तुम्ही रोज वाट बघत बसला असता." तिने त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. "उद्या नळीची तपासणी. नापास झाली तर रविवारचं परतीचं तिकीट आहे. पास झाली, की मी कायमची घरी. आणि तुमचं काम कधी नापास झालंय?"